दर पाचवा गुडघा

नमुना कसा निवडावा हे माझ्याकडून शिकावं! ओळखीचा बघून नाही, हसरा चेहरा बघून तर नाहीच. तपासणीला आलेला दर पाचवा पेशंट धरायचा, मग तो रागीट असो नाहीतर बहिरा! गुडघ्यांच्या एका इस्पितळात पेशंटची मतं गोळा करून अहवाल लिहिणं ही माझी नोकरी. दुसऱ्या मजल्यावर, तपासणीच्या खोलीबाहेर माझं टेबल. ‘ऑपरेशननंतर जिना चढता येतो का?’ हा प्रश्न दोन वर्षांत दोनशे चाळीस जणांना विचारला आणि दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस जणांनी ‘हो’वर खूण केली!

माझे सासरे शिंपी. तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. तिथंच घर, तिथंच शिवणयंत्र आणि तिथंच गिऱ्हाईक. उजव्या गुडघ्यामुळे जिना जड जायला लागला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते घाबरायचे.

“जावईबापू, फसलं तर?”

“बाबा, फसतच नाही! आकडे बघा ना!”

“तुझा नमुना तरी धड आहे का?” बायकोने विचारलं. तिला तिच्या बापाची काळजी.

“निःपक्षपाती आहे!” मी एवढ्या जोरात म्हणालो की बाबा बिचारे तयारच झाले.

ऑपरेशन झालं. गुडघा दुखायचा थांबला. वाकायचाही थांबला! पाय दांडक्यासारखा ताठ. दीड महिन्याने मी त्यांना तपासणीला घेऊन गेलो. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी. ती दोन वर्षं तिथंच होती म्हणे. मी रोज दोन-दोन पायऱ्या गाळत वर जाणारा, मला कशाला दिसतेय! बाबांनी कठडा धरला. एक पायरी चढले, दुसरी चढले आणि तिसरीवर मटकन बसले.

“नाही जमत हो.”

वॉचमन धावत आला. “आजोबा, त्या बाकावर बसा. वर जाता येत नाही ते सगळे तिथंच बसतात. तास-दोन तास वाट बघतात आणि घरी जातात.”

सगळे? मी जिन्यामागे डोकावलो. बाकांवर अकरा माणसं, प्रत्येकाचा एक पाय समोर ताठ!

“तुम्ही... तुम्ही फॉर्म भरलात का?” मी एका बाईंना विचारलं.

“कुठे मिळतो?”

“वर.”

बाईंनी आपल्या ताठ पायाकडे बोट दाखवलं. बाबा मात्र सावकाश म्हणाले, “म्हणजे जावईबापू, जे जिना चढून आले त्यांनाच तुम्ही विचारत होता, जिना चढता येतो का म्हणून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत वर गेलो, फॉर्म घेऊन खाली आलो. अकराच्या अकरा जणांचं ‘नाही’! बारावा फॉर्म बाबांचा. तो गठ्ठा मी थेट मॅनेजरसाहेबांपुढे आपटला.

“यांची वरच्या रजिस्टरमध्ये नोंदच नाही,” साहेब म्हणाले. “तपासणीला न आलेले पेशंट नमुन्यात कसे घेणार?”

“साहेब, निदान लिफ्ट तरी दुरुस्त करा!”

“कशाला? वर आलेल्या एकाची तरी तक्रार आहे का?”

अहवाल पुन्हा शंभर टक्के! खाली माझी सही.

बाबा आता आमच्याकडे असतात, तळमजल्यावर, बाहेरच्या खोलीत. शिवणयंत्र खाली आणलंय, पण इथं त्यांना कोण ओळखतं? दिवसभर त्यावर हात ठेवून बसतात. मला त्यांच्यासमोरून जायची लाज वाटते. काल त्यांनी थांबवलंच.

“जावईबापू, मी कधी माझ्या घरी जाईन का हो? तुमचा अंदाज काय?”

“बाबा,” मी खाली बघत म्हणालो, “एका माणसाबद्दल आमचं शास्त्र काही सांगू शकत नाही.”

“ऑपरेशनच्या आधी सांगत होतं,” बाबा म्हणाले.