नवीन गाण्याची सोय

कला ही माणसाच्या आत्म्याची गरज आहे, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. आत्म्याच्या आधी देहाच्याही काही गरजा असतात आणि त्यांना रांग लावावी लागते, हे सांगायचं मात्र राहून गेलं. बहुधा त्यांना मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण कधी आलं नसावं.

आमच्या शहरात दरवर्षी एका सुट्टीच्या दिवशी मैदानावर एका नामवंत रॉक बँडचा कार्यक्रम होतो. बँड जुना आहे. तरुणपणी या मंडळींनी व्यवस्था उलथून टाकण्याची गाणी रचली. आता ती गाणी त्याच व्यवस्थेच्या लेखी परवानगीने, क्रमांक घातलेल्या खुर्च्यांसमोर, रात्री दहाच्या आत म्हटली जातात. (दहानंतर व्यवस्था उलथण्यास मनाई आहे.) सगळ्यांत जोशात गातात ते बँकेचे व्यवस्थापक. ‘आम्ही कुणाचं ऐकणार नाही’ या ओळीला ते मूठ उगारतात आणि बायकोने सांगितलं की टोपी घालतात.

मुख्य गायकाला सगळं शहर दादा म्हणतं. सत्तरी उलटली, अंगात कातडी जाकीट. उंच पट्टीची ओळ आली की दादा माइक लोकांपुढे धरतो आणि ओळ लोक गातात. पूर्वी एका गाण्यात अशी एखादी ओळ असे. हल्ली दादाला सगळ्याच ओळी उंच लागतात. घरी जाताना लोक म्हणतात, “काय आवाज आहे अजून!” स्वतःच्या आवाजाचं इतकं निर्मळ कौतुक मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

दादाच्या डावीकडे, जरा मागे, भाऊजी उभे असतात. दादाच्या बहिणीचे यजमान. ते बेस गिटार वाजवतात. चार जाड तारांचं हे वाद्य बंद पडलं, तरच ते इतका वेळ वाजत होतं हे लोकांना कळतं. भाऊजी शिस्तीचे असल्यामुळे ते कधी बंद पडलं नाही आणि कुणाला काही कळलं नाही. खुद्द त्यांची बायको परतताना गाडीत विचारते, “अहो, तुमचं ते चालू होतं का आज?”

यंदा भाऊजींनी आयुष्यातलं पहिलं गाणं केलं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गाणार तेच. गाणं बायकोवर होतं. घरी म्हणायला तोंड उघडलं की ती म्हणे, “आधी गॅसवरचं दूध बघा.” शेवटी त्यांनी ठरवलं, हजारो वॅटच्या स्पीकरवरून म्हणायचं. मग कुठे जाईल?

तालमीत त्यांनी मेव्हण्याला गाठलं.

“दादा, एकच कर. ‘नवीन गाणं’ असं जाहीर करू नकोस. मी गपचूप सुरू करतो.”

“माझ्या हातात असतं तर, भाऊजी! निरीक्षकबाईंना विचारावं लागेल.”

इथे वाचकांना थोडी तांत्रिक माहिती दिली पाहिजे. जुनी गाणी चालू असताना देहाने कितीही आकांत केला तरी माणूस खुर्ची सोडत नाही. ‘आता आमचं एक नवीन गाणं’ हे शब्द उच्चारताच मात्र शंभरातले ब्याण्णव उठतात. (उरलेल्यांपैकी पाच झोपलेले असतात, दोन खुर्च्या राखतात आणि एक गीतकाराचा नातलग असतो.) म्हणून मैदानाकडेच्या पत्र्याच्या फिरत्या शौचालयांचं सगळं नियोजन नवीन गाण्यावर बेतलेलं असतं. नवीन गाणं ही कलाकृती नसून नागरी सुविधा आहे आणि तिला मंजुरी स्वच्छता विभाग देतो.

त्या विभागाच्या निरीक्षकबाईंनी भाऊजींचं म्हणणं सहानुभूतीने ऐकलं आणि फेटाळलं.

“जाहीर नाही केलं तर लोकांना उठायचं कळणार कसं? शेवटपर्यंत तुंबतील की सगळे! चाल कशी आहे?”

“संथ आहे.”

“उत्तम. सावकाश जाऊन येतील.”

“बाई, निदान माझ्या बायकोला तरी...”

“त्यांची काळजी नको. त्यांना सगळ्यांत आधी सोडू. घरच्या माणसाला रांग कशाला?”

सुट्टीच्या दिवशी दादाने नियमाप्रमाणे जाहीर केलं आणि नियमाप्रमाणे मैदान उठलं. पुढच्या रांगेतून भाऊजींची बायको, दांडगा अनुभव असल्यामुळे, सगळ्यांच्या पुढे निघाली. भाऊजींनी तिची पाठ दूर जाताना पाहिली, घसा खाकरला आणि गायला सुरुवात केली.

यंदा बाईंनी एक सुधारणा केली होती. जुनी गाणी पुन्हा सुरू झाल्याचं रांगेला कळावं, म्हणून शौचालयांच्या छपरांवर कर्णे बसवले होते. रांगेत माणूस फार निराधार असतो. एका हाताने नातू धरलेला, दुसऱ्याने खिसा. फोन उंच धरावा तर समोर चित्र घेण्यासारखं काही नाही. नाइलाजाने लोक गाणं ऐकू लागले. या मैदानावर गाणं ऐकलं जाण्याची ही पहिलीच घटना असावी.

गाणं साधं होतं. आतल्या खोलीतून बायको “ऐकलंत का?” म्हणायची, नवरा जन्मभर “हो” म्हणत आला आणि ऐकलं त्याने कधीच नाही. आता तो विचारत होता, तू काय म्हणत होतीस?

थोड्या वेळाने रांग सरकेनाशी झाली. आत गेलेली माणसं बाहेर येईनात. पत्र्याच्या खोलीत, कर्ण्याच्या बरोबर खाली, आवाज फार सुरेख घुमतो. शिवाय कडी आतून असते. पहिल्या दारावर थापा पडू लागल्या.

“मावशी, झालं का?”

“थांबा हो! एक कडवं राहिलंय.”

“अहो, इथे जीव चाललाय!”

“मग हळू जाऊ दे त्याला. मला ऐकू येत नाहीये.”

व्हायचं तेच झालं. नवीन गाणं संपलं, सगळ्यांत गाजलेलं जुनं सुरू झालं, आणि लोक अजून रांगेतच. उंच ओळीला दादाने सवयीने माइक पुढे धरला. पुढे रिकाम्या खुर्च्या. ती ओळ त्याला स्वतः गावी लागली. झोपलेले पाचही जण जागे झाले.

चौकशी समिती नेमली गेली. (मीही होतो. चहा चांगला होता.) गाणं चांगलं असल्यामुळे सार्वजनिक आरोग्यास बाधा पोहोचली, असा निष्कर्ष एकमताने निघाला. यापुढे प्रत्येक नवीन गाणं आधी समितीपुढे म्हणावं आणि निम्मे सदस्य मध्येच उठून गेले तरच ते मंजूर समजावं, असा नियम झाला. भाऊजींच्या गाण्याला कुणीच उठलं नाही. ते कायमचं नामंजूर झालं.

भाऊजींनी याबद्दल तक्रार केली नाही. त्या दिवशी परतताना ‘तुमचं ते चालू होतं का’ असं बायकोने गाडीत विचारलं नव्हतं. घराचं कुलूप काढताना म्हणाली, “तिसरं कडवं जरा लांबलं.”

“हो का?”

“लांबू दे. बाहेरून थापा मारत होते मेले, धड ऐकू दिलं नाही. पुन्हा म्हणा.”

अहवालाच्या शेवटी समितीने एक निरीक्षण नोंदवलं आहे. आजच्या काळात माणूस कुठलीही गोष्ट मध्येच न उठता, मन लावून पुरी करतो, अशी जागा एकच उरली आहे. वाचकहो, तुम्ही इथवर एका बैठकीत आलात, याचा मला आनंद आहे. कुठे बसला आहात, ते विचारत नाही. पण बाहेर घरचं कुणीतरी बराच वेळ उभं आहे, आता उठा.