तिसऱ्या छर्‍याला अडकणारी बंदूक

शिवमूर्ती अप्पांकडे जायचं असेल तर मनगटावरचं घड्याळ घरी काढून ठेवावं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बँकेने हदगावहून माझी बदली उदगीरला केली आणि आम्ही अप्पांच्या शेजारी बिऱ्हाड थाटलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मागं पडून राहिलंय का ओ साहेब?” चहा संपेपर्यंत माझ्या घड्याळाचे अवयव बशीत पसरले होते.

“अहो, चांगलं चालू होतं!”

“उघडून बघितल्याबिगर बोलू नये,” अप्पा म्हणाले.

दोन-चार दिवसांनी घड्याळ परत मिळालं. खोटं कशाला बोलू, आता ते अजिबात मागे पडत नाही. फक्त तारीख दाखवायचं तेवढं विसरलं.

कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि बनियनच्या खिशात पक्कड, असा अप्पांचा अवतार. कधीकाळी त्यांचं भुसाराचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून दुरुस्ती हाच उद्योग. कूलरला त्यांनी मिक्सरची मोटर बसवली होती. कूलर लावला की शेजारपाजारच्यांना वाटायचं, अप्पा चटणी वाटून राहिले. मोटर नवी घ्या म्हटलं की ते अशा नजरेने पाहत, जणू आपण दुसरं लग्न सुचवलंय. “नवं तर कुणीबी घेतंय!” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांचं हे तत्त्वज्ञान घरापुरतं राहिलं असतं तर बरं होतं. त्या वर्षी उदगीर जिल्हा व्हावा म्हणून गल्लोगल्ली सह्या गोळा करणं चाललं होतं. कार्यकर्ते अप्पांच्या दारी आले.

“अप्पा, सही करा. नवा जिल्हा पाहिजे.”

“कामून? जुन्याला काय झालं?”

“लातूर लई लांब पडतंय.”

“मग रस्ता दुरुस्त करा की! जिल्हा कामून बदलता?”

उदगिरात राहून असं बोलायला छातीच पाहिजे. त्यांना समजावता समजावता कार्यकर्त्यांचा घसा कोरडा पडला, आणि पाणी मागावं अशी त्या वर्षी सोय नव्हती.

कारण दुष्काळ होता. नळ नावालाच उरले होते आणि टँकरची वाट बघण्यात गल्लीचा दिवस जाई. रानातलं पाणी आटलं तशी वानरं गावात आली आणि गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं काढून पाणी पिऊ लागली. प्यायला हरकत नव्हती, पण ती त्यात आंघोळही करत. गल्लीने एकमताने अप्पांना गाठलं, कारण अप्पांकडे छर्‍याची बंदूक होती.

बंदूक मुळात त्यांच्या मुलाची, महेशची. कॉलेजात असताना त्याला नेमबाजीचा नाद होता. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला आणि बंदूक कपाटावर राहिली. अप्पा मुंगीच्याही वाटेला न जाणारे. त्यांनी आपल्या गच्चीच्या भिंतीला एक पत्रा टांगला. पत्र्यावर छर्रा मारायचा, टण्ण आवाज झाला की वानरं पळायची. योजना झकास होती. फक्त मॅगझिन बिघडलेलं होतं.

हे मॅगझिन म्हणजे पेढ्याएवढी गोल डबी. आत भोकांची चकती, भोकाभोकात छर्रे. एक छर्रा उडाला की आतली स्प्रिंग चकती फिरवते आणि पुढचा समोर येतो. अप्पांच्या मॅगझिनमध्ये दोन छर्रे नीट उडायचे आणि तिसऱ्याला चकती अडकायची. वानरांना हे आठवड्याभरात कळलं. पहिल्या आवाजाला ती शेजारच्या कठड्यावर जात, दुसरा होईपर्यंत तिथेच थांबत आणि मग निवांत टाकीवर परत येत.

“अप्पा, नवं मॅगझिन का मागवत नाही?” आमच्या टाकीत एक पिल्लू पोहून गेलं तेव्हा बायकोने मला विचारायला पाठवलं.

“नवं तर कुणीबी घेतंय,” अप्पा म्हणाले. “महेशला विचारून राहिलो ना मी.”

ते खरं होतं. आमच्या गच्च्या चिकटून, त्यामुळे संध्याकाळचा फोन मला ऐकू यायचा. काकू, म्हणजे अप्पांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या होत्या तोवर पोराशी बोलायचं काम त्यांचंच होतं. त्या गेल्यावर बापलेकांचा फोन म्हणजे “जेवलास का?” “हाव.” “बरं, ठेवतो.” संपलं. दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. मॅगझिन अडकलं आणि फोन लांबला. “स्प्रिंगला किती पीळ देत होतास रे?” इथून सुरुवात व्हायची. मग महेशने पहिल्यांदा नेम धरला तो दिवस निघायचा, काकू कशा कानात बोटं घालून बसायच्या ते निघायचं, आणि अप्पा चक्क हसायचे. मला मात्र टाकीची काळजी.

शेवटी महेशनेच नवं मॅगझिन मागवलं. थेट अप्पांच्या पत्त्यावर पार्सल आलं. अप्पांनी ते असं हातात घेतलं, जसा कुणी बदलीचा हुकूम घ्यावा.

दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो. पलीकडून टण्ण. टण्ण. मी सवयीने थांबलो. आणि तिसरा टण्ण! चौथा! पाचवा! शेवटच्या छर्‍यापर्यंत नवं मॅगझिन लोण्यासारखं चाललं. वानरं पार नजरेआड झाली. मी शाबासकी द्यायला कठड्याशी गेलो.

अप्पा खाली बसले होते. त्यांनी नव्या मॅगझिनचं झाकण काढलं. पक्कड घेतली. हलक्या हाताने स्प्रिंगचं टोक वाकवलं. झाकण बसवून त्यांनी चकती फिरवून पाहिली. एक, दोन, आणि अडकली. त्यांनी वर पाहिलं. मी होतोच.

उभ्या आयुष्यात या माणसाने चांगली वस्तू मुद्दाम मोडल्याचं कुणी पाहिलं नसेल. मी वाळलेले कपडे घेऊन खाली आलो.

संध्याकाळी त्यांचा फोन कानावर आला, “नवंबी तसंच हाय बघ. तिसऱ्यालाच.” थोड्या वेळाने महेशने मला फोन केला; माझा नंबर अप्पांनीच त्याला देऊन ठेवला होता.

“काका, खरंच अडकतंय का? तुमच्यासमोर चालवून बघितलं का? नाहीतर परत पाठवू का कंपनीला?”

“अडकतंय रे,” मी म्हणालो. “हे फोनवर व्हायचं काम नाही. ये एकदा. उघडून बघितल्याबिगर बोलू नये.”

तो म्हणाला, “शनिवारी येतो.”

मी कठड्याशी जाऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी भस्म पुसेपर्यंत कपाळ पुसलं. मॅगझिन तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुरुस्तीला हात घालण्याआधी कुणाला तरी विचारलं,

“साहेब, दुरुस्त करून ठेवू, का असंच ऱ्हाऊ द्यू?”

“असंच राहू द्या, अप्पा,” मी म्हणालो. मागे आमच्या टाकीचं झाकण वाजलं, पण मी वळून पाहिलं नाही.