मकसूदची तीन क्षेत्रं

महाल्ला शहरातल्या कापडगिरणीतून निवृत्त झाल्यापासून मकसूद दाराजवळच्या खुर्चीत बसून असे. गिरणीत तो कामगारांच्या अभ्यासवर्गात शेती, कारखानदारी आणि सेवा ही अर्थव्यवस्थेची तीन अंगं समजावून सांगायचा. आता ऐकायला फक्त बायको इन्शिराह उरली होती, आणि ती ऐकत नसे.

त्या हिवाळ्यात सरकारी पाहणीसाठी निर्मीन नावाची एक मुलगी वही घेऊन आली.

"हाज," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं म्हणून तिनं विचारलं, "आपण काय करता?"

"गिरणीत होतो. एकतीस वर्षं."

"आणि सध्या?"

मकसूदनं खुर्ची उगीच पुढे सरकवली. निर्मीन लिहिता लिहिता पुटपुटली, "बेकार."

शब्द वर्मी लागला. "खोडा ते," मकसूद म्हणाला. "गच्चीवर बदकं आहेत. ते पशुपालन, म्हणजे प्राथमिक क्षेत्र. घरात लोणचं होतं, ते उत्पादन. खिडकीतून विकलं जातं, तो व्यापार."

"किती बदकं?"

"सध्या चौदा. विस्तार चालू आहे."

इन्शिराह आत लोणच्यासाठी सलगम चिरत होती. "अबू रिदा," मुलाच्या नावानं तिनं त्याला हाक मारली, "जिभेला जरा आवरा."

पण मकसूदला कित्येक महिन्यांनी श्रोता मिळाला होता. त्यानं तिन्ही क्षेत्रं सविस्तर सांगितली, आणि निर्मीननं ती शब्दन् शब्द उतरवून घेतली.

तीन आठवड्यांनी तो सरकारी दराच्या रोट्या आणायला भट्टीवर गेला. भट्टीवाल्यानं त्याचं शिधाकार्ड यंत्रात सरकवलं, काढलं, पुसलं, पुन्हा सरकवलं.

"बंद आहे."

"काय बंद आहे?"

"कार्ड. बाजूला व्हा हाज, मागं माणसं आहेत."

दोघांच्या वाट्याला रोज दहा रोट्या येत. त्या दिवशी मकसूदनं बाजारभावानं चारच आणल्या.  इन्शिराहनं दोन ताटात ठेवल्या आणि दोन रात्रीसाठी फडक्यात गुंडाळल्या. तिनं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मकसूदला वाटलं.

मकसूद शिधाकार्डाच्या कचेरीत गेला, तेव्हा तिथल्या कारकुनानं पाहणीतली नोंद काढली. "तुम्ही तीन क्षेत्रांत उद्योग करता. उद्योगपतींना स्वस्त रोटी नाही."

"मी उद्योगपती नाही हो."

"मग तसं शाबीत करा. तुमचा कसलाही उद्योग नाही असं दोन साक्षीदारांनी लिहून द्यायचं. मग निरीक्षक येऊन बघतील."

चारचौघांत अब्रू जाणार म्हणून मकसूद दोन दिवस घराबाहेर पडला नाही. शेवटी तो समोरच्या वगदी न्हाव्याकडे गेला. लोकांना खोटी साक्ष द्यायला लावायची कशी, याची त्यानं मनात जुळवाजुळव केली होती. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत वगदीनं सही ठोकली.

"आणखी काय लिहू? केव्हापासून काही करत नाहीत, ते टाकायचं का?" वगदीनं आपुलकीनं विचारलं.

दाढीसाठी बसलेल्या गिऱ्हाइकानं फेसभरल्या तोंडानंच दुसरी सही केली. तिसरा एकजण मला का विचारलं नाही म्हणून रुसला. मकसूदनं कागद घडी करून खिशात घातला आणि आभार न मानताच तो बाहेर पडला.

निरीक्षक लमई जिना चढताना दोनदा थांबून खोकले. गच्चीवर पोचताच चौदा बदकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं.

"हे काय?"

मकसूद बदकांच्या आणि निरीक्षकांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"यांचं कोण बघतं?"

"मी," मागोमाग वर आलेली इन्शिराह म्हणाली. "पहाटेच्या चाऱ्यापासून."

"आणि लोणचं?"

"मीच."

"विकतं कोण?"

"दारात हे असतात. पण गिऱ्हाईक आलं की मलाच हाक मारतात."

लमईंचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. हे सगळं घरकाम. घरकामाला अर्जात रकाना नाही. तुमच्या घरात उद्योग शून्य आहे, हाज. उद्यापासून कार्ड चालू."

"म्हणजे मी काही करत नाही?" इन्शिराहनं विचारलं.

"कागदावर नाही, बाई. माझी बायकोही करत नाही," लमई म्हणाले आणि सही करून खोकत खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मकसूदनं दहा गरम रोट्या आणल्या. इन्शिराहनं अर्धी खाल्ली. 

त्यानंतरच्या पहाटे ती उठली नाही.

"बरं नाही का?" मकसूदनं विचारलं.

"बरी आहे."

"मग?"

"मग काय? पडलेय." तिनं भिंतीकडे तोंड केलं.

वर बदकांनी गिल्ला सुरू केला होता.  मकसूद भुशाची बादली उचलून वर गेला. बाहेर दाट धुकं होतं. बादली कुठं ठेवायची, आधी पाणी द्यायचं की भुसा, कशाचाच त्याला पत्ता नव्हता. बदकं त्याला बघून कोपऱ्यात पळाली. त्यांच्या मागं जाताना तो घाणीत घसरला, गुडघ्यावर आपटला आणि पाण्याचं घमेलं अंगावर उपडं झालं.

समोरच्या गच्चीवर वगदी दुकानातले पंचे वाळत घालत होता. त्यानं धुक्यातून डोळे बारीक करून पाहिलं.

"हाज, इतक्या सकाळी वर काय करताय?"

मकसूद उभा राहिला. बाह्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि चौदा बदकं त्याच्याकडे बघत होती.

"काही नाही," तो म्हणाला.