माझ्या बाजूने ओके

आमच्या शॉमबर्ग गावातल्या बापटकाकांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. बरणीचं झाकण उघडलं नाही, तर झाकण सदोष. एक्झिट चुकली, तर हायवेच चुकीचा बांधलेला. पोहे करपले, तर अमेरिकेतला गॅस तापट. विषय काहीही असो, समारोप ठरलेला, "माझ्या बाजूने ओके आहे."

अशा माणसाला कंपनीने 'पुअर परफॉर्मन्स' म्हणून काढलं. ऑफिसात नवी सिस्टीम आली होती आणि काका साठीला टेकले होते. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मला गाठून त्यांनी बातमी दिली, "अरे नितीन, कंपनीचा परफॉर्मन्स फारच घसरला रे!"

पुढची नोकरी मिळेपर्यंत घर बेकारी भत्त्यावरच चालवायचं होतं. काकू रोज खर्चाचा हिशेब मांडत होत्या. त्यांच्यासाठी मी माहिती काढली. मनापासून प्रयत्न करूनही काम जमलं नाही म्हणून काढलं असेल, तर भत्ता बहुधा मिळतो. मुद्दाम कामचुकारपणा केला असेल, तर मात्र कठीण.

"म्हणजे काका, एवढंच म्हणायचं, की ट्राय केलं पण जमलं नाही."

"न जमायला काय झालं? ती सिस्टीमच भिकार होती. मी मुद्दामच हात लावत नव्हतो, असं सांगतो ना!"

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, तेवढं सोडून काहीही सांगा!"

भत्त्याच्या ऑफिसातून चौकशीचा फोन येणार होता, त्या सकाळी काकूंनी मला बोलावून घेतलं. काका भलतं बोलायला लागले की टेबलाखालून त्यांचा पाय दाबायचा, ही माझी ड्यूटी. फोन स्पीकरवर होता. पलीकडची बाई आवाजावरून समजूतदार वाटली. नवं काम तुम्हाला जमत होतं का, असं तिने विचारलं.

मी पाय तयार ठेवला.

"आय ट्राइड, मॅडम," काका म्हणाले. "आय कुड नॉट डू इट."

कुणाची मदत मागितली होती का?

"एव्हरी डे. बट दे आर यंग पीपल, मॅडम. व्हेरी बिझी. सो आय सॅट अलोन इन लंच टाइम अँड ट्राइड."

माझा पाय जागच्या जागी राहिला. रोज संध्याकाळी ऑफिसातल्या पोरांची अक्कल काढणारा हा माणूस दिवसभर त्यांच्याच टेबलापाशी मदत मागत उभा असायचा, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मला फार वाईट वाटलं.

भत्ता मंजूर झाला. काकांनी घरोघर फोन करून कळवलं, "सरकारलाही पटलं. माझ्या बाजूने ओकेच होतं!"

त्या रविवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. लोणच्याची बरणी काकांच्या हातात आली. त्यांनी जोर लावून पाहिला, मग रुमाल धरून पाहिला. आता झाकणाचा उद्धार होणार, म्हणून मी हसायच्या तयारीत बसलो.

काकांनी बरणी माझ्यापुढे सरकवली.

"मला नाही उघडत रे," ते म्हणाले. "बघतोस का जरा?"