दात वाळेपर्यंत

"चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, डॉक्टरीणबाई! माझ्या नजरेतून साधा ठिपका सुटत नाही!" निवृत्त मुद्रितशोधकांनी दवाखान्याच्या खुर्चीत आडवं पडूनच बजावलं.

"मग हा कसा सुटला?" बाईंनी वरच्या सुळ्यावरचा पांढरा डाग आरशात दाखवला. "किडीची सुरुवात आहे. खड्डा पडलेला नाही, तेव्हा ड्रिल नको. फ्लोराइडचा लेप लावते. घरी दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट, आणि चहातली साखर बंद. तीन महिन्यांनी बघू."

"मी रोज बघेन!"

"ओल्या दातावर नीट दिसायचा नाही. वाळवून बघा."

झालं! रोज सकाळी आठला स्वारी खिडकीत. ओठ पार हिरड्यांपर्यंत वर, दात सताड उघडे, मनात शंभर आकडे. मग टेबलावरच्या दाढीच्या आरशात वाकून तपासणी. घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको गेल्यापासून त्यांच्या दातांकडे काय, तोंडाकडेही कोणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, आकडा साठावर असताना, समोरच्या खिडकीतली बाई हसली! ओठ मिटावेत तर दात ओला होणार. ते तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी सासूबाई. आठवडाभरात खालच्या इस्त्रीवाल्याने हात केला, वरची पोरं "काका, काका!" करू लागली. नऊ वर्षांत त्या गल्लीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शंभराचे दीडशे आकडे झाले!

मग दारावर थाप. समोरच्या बाईचा नवरा!

"काका, रोज आमच्या घराकडे बघून हसता म्हणे?"

गप्प बसायला हवं होतं. पण चूक दिसली की दुरुस्त करायची जन्माची खोड!

"हसतोय कुठे? दात वाळवतोय!"

आणि वाळवून दाखवला. नवऱ्याने मोबाइलच्या उजेडात डाग पाहिला, माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून कोणी हसेना. काका कामात आहेत, उगाच कशाला त्रास द्या!

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाबास! डाग गेला."

"खालच्या ओळीत एखादा असेल. नीट बघा ना!"

"एकही नाही. सुटलात!"

सकाळी आठला ते खिडकीत आले. आरसा मांडला नाही, आकडे मोजले नाहीत. समोर बाई दिसली तसे मनापासून हसले.

गल्ली अरुंद. तिने आत वळून दिलेली हाक स्वच्छ ऐकू आली.

"अहो, काकांचा डाग अजून गेलेला दिसत नाही!"