कावळ्यासमोर दिलेला शब्द

दहाव्याच्या भाषणाला कानिफनाथ आवारी कधी कागद घेत नसे.

"लग्नात चुकलं तर लोक हसून विसरतात," तो सांगायचा. "दहाव्याला चुकलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ध्यानात ठेवतात. पण आपलं चुकतच नाही. सहा मिनिटं. मयताचा मोठेपणा, घरच्यांना धीर, देवाला विनंती. झालं."

पूर्वी प्रवरेच्या काठच्या या गावात दहाव्याला भाषणं नसत. नदीवर जायचं, पिंड ठेवायचा, कावळ्याची वाट बघायची आणि गप घरी यायचं. कुणाला काही बोलायचं असेल तर तो नदीकडे तोंड करून बोलायचा. आता स्पीकर आला, सतरंज्या आल्या, "यानंतर श्रद्धांजली वाहतील" म्हणणारा एक माणूस आला. मेलेल्याला काय वाटत असेल ते तोच जाणे, पण पुढाऱ्यांची सकाळ मात्र भरून गेली.

कानिफनाथ मुळात पुढारी नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी त्याने एक जुना टेम्पो घेतला, घरामागे पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं आणि थंड पाण्याचे जार विकायला लागला. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही चहाच्या रंगाचं. धंदा चालायला आणखी काय लागतं? ओढ्यापलीकडच्या वस्तीत तर नळच नव्हता. पाइपलाइन पुलाच्या अलीकडे येऊन थांबली होती, दमलेल्या बैलासारखी. हापशाचं पाणी खारट. त्या वस्तीत रोज चाळीस जार जात.

माणूस मात्र चांगला. म्हाताऱ्यांचे निराधार योजनेच्या पगाराचे अर्ज भरून दे, कुणाचं रेशनकार्ड तालुक्याला घेऊन जा, कुणाला दवाखान्यात पोहोचव, असं करत करत गेल्या वेळी तो नगरसेवक झाला. निकालाच्या दिवशी त्याची बायको पंकजा गुलाल झाडत म्हणाली, "गावाला पाणी नाही म्हणून आपलं घर चालतं. आता त्याच गावानं तुम्हाला पाणी आणायला निवडून दिलंय. बघू या, कसं जमवता ते."

ते त्याने असं जमवलं, की वस्तीचा नळ प्रत्येक बैठकीत 'प्रस्तावित' राहिला.

दहाव्यांचा हिशोब छगनकडे असे. छगन त्याचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो सकाळी पेपरातल्या निधनवार्ता वाचायचा, बोटांवर दहावा दिवस मोजायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. त्या मंगळवारी वहीत एकच नाव होतं: रंगनाथ मास्तर, शाळामास्तर म्हणून निवृत्त.

"घरात बावीस मतं हायेत, शेठ," छगन म्हणाला. "आठला पोचायचं."

पण यंत्राची मोटर बिघडली आणि ते घाटावर पोचले साडेआठला. शेडखाली गर्दी, समोर सतरंज्या, स्पीकर चालू. कानिफनाथचा पांढरा शर्ट दिसला मात्र, माइकवाल्याने "आपले नगरसेवक आलेले आहेत" म्हणत माइक त्याच्या हातात दिला. फोटो नदीकडे तोंड करून ठेवलेला, त्यापुढे माणसांच्या पाठी. वस्तीतले चेहरे जास्त दिसले, पण ते मास्तरांचे विद्यार्थी असतील असं त्याला वाटलं. त्याने सुरुवात केली.

"आज आपल्यातून एक कष्टाळू, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं. या गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. कुणाची परिस्थिती बघितली नाही, कुणाची जात बघितली नाही. वेळप्रसंगी चापट मारली, पण माणूस केलं. मी स्वतः त्यांच्याच हातचा. मी आज जो काही उभा आहे..."

बायका हुंदके द्यायला लागल्या. आपलं भाषण इतकं कधी लागलं नव्हतं, हे कानिफनाथच्याही ध्यानात आलं. सहाची नऊ मिनिटं झाली.

तो थांबला तेव्हा पिंडाजवळ बसलेली वस्तीतली म्हातारी मुक्ताबाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "खरं बोलला गं. ह्यो पोटात उलटा हुता. भागीनंच सरळ केला, न्हाईतर माय बी गेली असती न् लेकरू बी."

माइक चालूच होता. ते सगळ्यांनी ऐकलं. कानिफनाथनेही ऐकलं.

तो दोन पावलं पुढे होऊन नदीच्या बाजूला वळला आणि फोटो समोरून दिसला. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर पदर. भागिरथीबाई. वस्तीतली सुईण. दवाखाने नव्हते त्या काळात निम्म्या गावाची नाळ तिने कापली होती. पेपरात बातमी द्यायला तिच्या घरच्यांना सुचलं नाही. पेपरात नव्हती म्हणून ती वहीत नव्हती, आणि वहीत नव्हती म्हणून कानिफनाथच्या लेखी ती अजून जिवंत होती.

महिन्यापूर्वीच ती त्याच्या दारात आली होती. नळाचा अर्ज घेऊन, सलग अकराव्या वर्षी. त्याने तिला खुर्ची दिली होती, थंड पाणी दिलं होतं. जारचं.

तिचा मुलगा गोरक्ष पुढे झाला. केस काढलेलं डोकं, डोळे सुजलेले. "शेठ, तुमी आलात," तो म्हणाला. "आमच्याकडं कोन येतंय? लई मोठेपना केलात."

घाटाच्या दुसऱ्या टोकाला, वडाच्या पाराजवळून छगन दोन्ही हात हलवत होता. मास्तरांचा दहावा तिकडे होता. कानिफनाथने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आता इथून निघणं माणुसकीला धरून नव्हतं.

कावळा काही शिवेना.

काठावरच्या लिंबावर तो बसला होता. पिंडाकडे बघत होता, पण खाली येत नव्हता. गोरक्ष म्हणाला, "आई, ताईला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. सून म्हणाली, "तुमची शेळी इकनार न्हाई." नाही. नात निकिता कॉलेजात शिकत होती. ती म्हणाली, "आजी, मी शिक्षण सोडणार नाही." कावळ्याने चोच पंखात घातली.

ऊन चढलं. उपाशी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा मुक्ताबाई बोलली. तिचा एक हात पदराखाली होता, दुसरा जमिनीवर.

"भागीचा जीव नळात आडकला हाय. अकरा वरसं अर्ज दिलं तिनं. नगरसेवक इथंच हायेत. त्यांनी बोलावं."

माइक पुन्हा कानिफनाथच्या हातात आला.

"सदर विषयाचा मी पाठपुरावा करीन," तो म्हणाला.

कावळा बसून.

"कावळ्याला पाठपुरावा कळत न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "तारीख सांगा."

"पुढच्या आर्थिक वर्षात नक्की."

काही नाही. मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "ते वरीस तिला वर मोजता यायचं न्हाई."

"दिवाळीपर्यंत."

मुक्ताबाईने बसल्या जागी जरा हालचाल केली. कावळा एक फांदी खाली उतरला. गर्दीने श्वास रोखला. लिलावात बोली चढावी तसं चाललं होतं, फक्त इथे ती उतरत होती. कानिफनाथच्या कपाळावर घाम आला. त्याच्या डोळ्यांपुढे चाळीस जार होते, आणि त्यांच्या मागे तो फोटो. आपण या बाईच्या हातात पहिल्यांदा रडलो, आणि तिच्या दहाव्याला चुकून आलो, हे त्याच्या मनातून जाईना.

"एका महिन्यात," तो म्हणाला. आवाज भाषणातला नव्हता. "भागिरथीमावशी, एका महिन्यात नळ येईल. आला नाही तर मी या घाटावर पुन्हा माइक धरणार नाही. आणि तोवर वस्तीला पाणी माझं, फुकट."

मुक्ताबाईने पदर सारखा केला. कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

रडारड झाली, नमस्कार झाले. निकिताने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. कानिफनाथ वडाच्या पारावर पोचायच्या आत ते गावाच्या ग्रुपवर पोचलं. मास्तरांचा कावळाही अडून बसला होता. मास्तरांच्या थोरल्या मुलाने मोबाइल खिशात ठेवला आणि माइक पुढे केला. "शेठ, तुमच्या शब्दाला कावळा येतो म्हणे." तिथे शाळेची पडलेली भिंत बांधून द्यायचं ठरलं तेव्हा कावळा आला. मुक्ताबाई काठी टेकत तिथेही येऊन बसली होती. गावातल्या कुठल्या दहाव्याला ती नसे?

घरी पंकजा व्हिडिओ बघत बसली होती. तिने तो दोनदा बघितला.

"निवडणुकीत इतकी आश्वासनं दिलीत," ती म्हणाली, "तेव्हा कावळे कुठं गेले होते?"

"चेष्टा करू नकोस. चाळीस जार जातील."

"जाऊ द्या. त्या बाईनं तुम्हाला जगात आणलं हे मला आधी कळलं असतं, तर ती जिवंत असताना पाया पडून आले असते." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "दहाव्याला तुम्ही चुकून गेलात ना?"

त्याने शर्टाची बटणं सोडायला घेतली. पंधरा वर्षांच्या संसारात न बोललेलं तिला बरोबर ऐकू येत असे.

दुसऱ्या दिवसापासून कानिफनाथ नगरपंचायतीत जाऊन बसला. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी विचारलं, "तातडीचं कारण काय लिहायचं?"

"कावळ्याला शब्द दिलाय, लिहा."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि 'लोकभावना' असं लिहिलं. त्यांचे वडीलही थकलेलेच होते. जी फाइल अकरा वर्षं टेबलावरून टेबलावर सरकत नव्हती, ती चार दिवसांत सगळीकडे फिरून आली. सही नाकारायला कुणी तयार होईना. न जाणो, उद्या आपल्या घरचा कावळा अडला तर?

मधल्या काळात आणखी दोन दहावे झाले. दोन्हीकडे माणसं कानिफनाथला गाडी घेऊन न्यायला आली. एकात घाटाच्या वाटेवर दिवे लागायचं ठरलं, दुसऱ्यात बायकांसाठी आडोसा. कावळ्याने प्रत्येक वेळी तारीख ऐकून घेतली. छगन वहीत आता मयताच्या नावापुढे कामाचं नाव लिहायला लागला.

एकोणतिसाव्या दिवशी वस्तीत नळ आला. नारळ फोडायला कानिफनाथने मुक्ताबाईला पुढे केलं. तिने कळशी भरली, ओंजळभर पाणी प्याली, आणि उरलेलं जमिनीवर सोडलं, भागीसाठी. मग ती जवळच्या दगडावर बसली. गर्दी पांगली तसा कानिफनाथ तिच्या पायाशी टेकला.

"मावशी, सुटला का हो तिचा जीव?"

"तिचा कुटं आडकला हुता?" मुक्ताबाई म्हणाली. "ती झोपेत गेली, हसत. आडकलो हुतो आमी."

"पण कावळा..."

तिने पदराखालून हात काढला आणि मूठ उघडली. आत भाकरीचा तुकडा होता. नळाजवळच्या लिंबावरून कावळा उतरला, तिच्या पायाजवळ आला आणि मान वाकडी करून उभा राहिला.

"सहा वरसं झाली, रोज घालते. मी मूठ उघडल्याबिगर जागचा हलत न्हाई मेला."

कानिफनाथने कावळ्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे.

"मास्तरांच्या वेळी? दिव्यांच्या वेळी?"

"तिथं बी मीच बसलेली असायची. तू कदी बघितलं न्हाईस, माझ्या लेकरा."

तो उठला, पुन्हा बसला. "कुणाला सांगू नका, मावशी."

"मी कशाला सांगू? अजून गटार राहिलीया." तिने भाकरी कावळ्यापुढे टाकली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठली. "माझ्या दहाव्याला मातुर ये. तवा मूठ उघडायला कुनी नसंल. तवा नीट बोल."

त्या दिवशी छगनकडून वही मागून घेऊन कानिफनाथने शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने मुक्ताबाईचं नाव लिहिलं. पुढे 'गटार' लिहिलं. तारखेची जागा मोकळी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच टिकाव घेऊन माणसं लावली. न जाणो.