तीन ठोके वर, दोन खाली

दिनांक १६ एप्रिल २००६, रविवार. रक्कम एकतीस हजार दोनशे रुपये. हजर: कामतघर वस्तीतल्या आमच्या इमारतीतल्या सहा बिऱ्हाडांपैकी पाच बिऱ्हाडांची माणसं, प्लंबर सलीम, आणि लोखंडी नळाच्या वीतभर तुकड्यात बोट अडकलेले पांडुरंग तरे.

मी या इमारतीचा खजिनदार. नेमणूक कोणी केलेली नाही. एकदा जिना धुण्याच्या पावडरीचा हिशेब मी पैशापर्यंत मांडून दाखवला, तेव्हापासून सगळे मला खजिनदार म्हणतात आणि वर्गणी उशिरा देतात. तेव्हा त्या सभेत काय झालं ते नीट सांगणं माझं काम आहे. पण तरेदादांचं बोट नळात कसं गेलं हे कळायचं तर आधी तरेदादा कळायला हवेत.

तरेदादा तळमजल्यावर एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा वडप्याला गोदामात सुपरवायझर आहे, तिकडेच बिऱ्हाड करून. दादांच्या अंगात बंडी, कमरेला लुंगी आणि लुंगीच्या गाठीत खोचलेला लोखंडी पान्हा. पान्ह्याच्या वजनाने लुंगी आज ना उद्या दगा देणार, अशी धास्ती इमारतीतल्या बायकांना कायम असते. अजून दिलेला नाही. दादा आयुष्यभर पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

"कान गेले न्हाईत," ते म्हणतात. "शेटकडं डिपॉझिट हायेत. हिशेब झाला का आनीन."

कान डिपॉझिट असल्यामुळे दादांचा सगळा कारभार हातावर चालतो. "आधी हात लाव, मंग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आंबेवाला आला की पाटीतला एकेक आंबा तळहातावर घेऊन डोळे मिटतात. आंबेवाला तोवर दुसऱ्या गल्लीत धंदा करून परत येतो. आम्ही फ्रिज घेतला तेव्हा दादा खास बघायला आले. पेढा तोंडात टाकला, फ्रिजच्या पाठीवर पंजा टेकवला आणि म्हणाले, "यो दिवाळी बघनार न्हाय."

दिवाळीला फ्रिज व्यवस्थित चालू होता. माझ्या बायकोने मुद्दाम फराळाला बोलावलं, फ्रिजमधलं थंडगार पाणी पुढे केलं. दादांनी पुन्हा पाठीवर हात ठेवला, करंजी मोडली आणि म्हणाले, "पुढची."

एकदा ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दादांच्या छातीला नळी लावली, तसा दादांनी डॉक्टरांच्या छातीला हात लावला. "तुजी धडधड जास्त हाय, डॉक्टर. झोपतोस का न्हाय?" डॉक्टरांनी फी घेतली नाही. घाबरून, असं माझं मत आहे.

इमारतीची पाण्याची मोटर दादांच्या ताब्यात. तीही त्यांना कोणी दिलेली नाही. सकाळी खालच्या टाकीत पाणी आलं की दादा मोटर लावतात आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढू लागतं. मग ते लुंगीतून पान्हा काढून त्या चढत्या नळावर तीन ठोके मारतात, ठण् ठण् ठण्. पान्हा परत खोचून नळावर तळहात टेकवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. वैद्य जसा नाडी बघतो तसे. जरा वेळाने मान डोलावून चहा ठेवायला आत जातात.

ठोक्यांनी नळातला गंज सुटतो, अशी इमारतीतली समजूत होती. दादांनीही ती खोडली नाही. हा नळ त्यांच्या खिडकीशेजारून निघतो, पहिल्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला घासून जातो आणि दुसऱ्या मजल्यावरून गच्चीवर चढतो. त्यामुळे दाढी करताना खालचे तीन ठोके मला रोज ऐकू येत. मागोमाग वरून दोन बारीक ठोके येत, टिक् टिक्. तो मी प्रतिध्वनी धरला होता. कुकरच्या शिट्टीसारखी त्याची सवय झाली होती.

आता सभेकडे. इमारतीतले सगळे नळ लोखंडी आणि जुने. गंजाने आतून इतके बुजले की दुसऱ्या मजल्यावर नळ सोडला तर आधी खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग लाल पाण्याची करंगळीएवढी धार. सलीम प्लंबरने सगळे नळ बदलून प्लास्टिकचे घालायचे म्हणून आकडा दिला: नळ आणि जोडसामान सतरा हजार आठशे, टाकीचे जोड आणि व्हॉल्व चार हजार नऊशे, मजुरी साडेआठ हजार. मी तीनदा बेरीज केली. दर बिऱ्हाडामागे बावन्नशे.

दादा सोडून हजर असलेली चारही बिऱ्हाडं तयार होती. तरेदादा उभे राहिले.

"प्लास्टिक उन्हात तडकतं. उंदीर खातो. लोखंड बोलतं. प्लास्टिक मुकं असतं, मुकं!"

"दादा, नळाने बोलायचं कशाला? पाणी दिलं की झालं," मी म्हणालो.

"काय?"

"पाणी दिलं की झालं!"

"आधी हात लाव, मंग बोल."

सलीम याच वाक्याची वाट बघत होता. त्याने पिशवीतून आमच्याच नळाचा कापलेला तुकडा काढला. "लो दादा, हाथ लगाओ. उंगली डालके देखो, अंदर कितना रास्ता बचा है."

दादांनी बोट घातलं. गेलं. बाहेर येईना.

त्यानंतरची सभा दादांनी त्या नळासकट चालवली. मुद्दा मांडताना हात वर केला की तो तुकडाही वर जायचा, आणि पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्या मागे सरकवायची. माझ्या बायकोने साबणाचं पाणी आणलं. दादांनी ते बाजूला सारलं. "आधी विषय संपू दे. बोट कुटं जातंय?"

मी शेवटी जरा कडकपणे बोललो. "दादा, दुसऱ्या मजल्यावर नरसम्मा तळमजल्यावरून बादल्या वाहते. रोज. मल्लय्याला अंघोळ घालायची, कपडे धुवायचे, सगळं त्या बादल्यांवर. ती आजच्या सभेलाही येऊ शकली नाही. तुम्हाला लोखंड पाहिजे म्हणून तिने आणखी किती दिवस पाणी वाहायचं?"

मल्लय्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे तेलुगू विणकर. त्यांना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नरसम्मा त्यांची बायको.

हे मात्र दादांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं. ते खाली बसले. मांडीवरच्या त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"मंग घाला प्लास्टिक," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "चढता पाईप भंगारात केवढ्याला जाईल?"

सलीमने अंदाज केला. "चार सौ अस्सी."

"मी घेतला."

सगळे हसले. मी म्हणालो, "घ्या. पण माल उचलायचा. सामाईक भिंतीवर खाजगी सामान ठेवता येणार नाही."

"माजा माल हाय. कवा उचलायचा ते माजं मी बघीन."

मग साबण लावला आणि बोट सुटलं.

सलीमने जुन्या नळाशेजारी नवी पांढरी लाइन चढवली, तिच्यात पाणी सोडलं, आणि जुना नळ रिकामा झाला. घराघरांतले लोखंडी तुकडे भंगारवाला घेऊन गेला. दादांनी चारशे ऐंशी रुपये मोजून माझ्या हातात ठेवले. सगळ्या दहाच्या नोटा. मात्र नळ काही उचलेनात. मी दोनदा आठवण करून दिली, दोन्ही वेळा कान डिपॉझिटमध्ये होते. शेवटी मीच सलीमला सांगितलं, "गच्चीवरून सुरुवात कर. नळ उतरव आणि दादांच्या दारात ठेव. मग तुझे पैसे देतो."

तो गच्चीवर गेला आणि मी घरोघरी नळ तपासत फिरलो. पैसे देण्याआधी प्रत्येक तोटी स्वतः सोडून बघायची, ही माझी रीत. मल्लय्यांच्या मोरीत नरसम्माने नळ सोडला तर पाणी फटकन तिच्या मनगटावर आदळून माझ्या शर्टावर आलं. ती लहान मुलीसारखी हसली.

मल्लय्यांची खाट खिडकीला लावलेली होती. मी त्यांना नमस्कार करत होतो, तेवढ्यात खालून ठोके आले. ठण् ठण् ठण्. नळ रिकामा, म्हणून आवाज आधीपेक्षा खणखणीत.

मल्लय्यांचा डावा हात उठला. खिडकीच्या गजाला सुतळीने एक स्टीलची पळी बांधलेली होती. ती त्यांनी धरली आणि गजांतून हात घालून नळावर मारली. टिक् टिक्. पळी सोडून तळहात नळाला टेकवला आणि डोळे मिटले.

मी उभाच राहिलो.

"क्या हुआ?" नरसम्माने विचारलं. "आपको मालूम नहीं? आप तो बीच में रहते!"

मग तिने सांगितलं. दोघं एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला. लूम चालू असताना ओरडूनही ऐकू येत नसे. चहाची वेळ झाली की जॉबर तरे छपराच्या लोखंडी खांबावर पान्ह्याने तीन ठोके मारायचे. मल्लय्यांचा लूम त्याच खांबाशी. ठोका कानाला नाही, खांबाला टेकलेल्या हाताला कळायचा. मल्लय्या दोन ठोके परत द्यायचे. तीन म्हणजे चहाला चल. दोन म्हणजे आलो.

"ये गिरे तब से भाई रोज पाइप पे मारते," ती म्हणाली. "ये जवाब देते. फिर वो नीचे चाय पीते, ये ऊपर. मैं उसी टाइम चाय बनाती."

"वर का येत नाहीत ते?"

"घुटने नहीं चढते. पर घुटने का नाम नहीं लेते. बोलते, टाइम नहीं है." ती पुन्हा हसली. "बेटे ने मोबाइल दिया था. एक को सुनाई नहीं देता, दूसरा बोल नहीं सकता. बेटा वापस ले गया."

मी खजिनदार. बेरीज तीनदा करणारा माणूस. चार वर्षं रोज सकाळी तीन ठोके वर जात होते आणि दोनच खाली येत होते. प्रतिध्वनीत एक ठोका कमी कसा पडतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

एवढ्यात गच्चीवरून करवतीचा आवाज सुरू झाला. सलीमने नळ भिंतीला धरून ठेवणारा वरचा क्लॅम्प कापायला घेतला होता. मल्लय्यांचा तळहात अजून नळावरच होता. त्यांनी डोळे उघडले, नळाकडे पाहिलं, मग नरसम्माकडे. तिला काही कळेना. मला कळलं.

मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडलो, "सलीम! थांब! करवत ठेव खाली!"

"सेठ, आपने ही बोला उतारो!"

"मीच बोललो. आता मीच सांगतो, राहू दे."

"सामाईक भिंत का क्या हुआ?"

"माल विकलेला आहे. मालक उचलेल तेव्हा उचलेल. तू कापलेला क्लॅम्प नवीन घाल आणि घट्ट आवळ."

नरसम्माने विचारलं, "कौन मालिक?"

मी सांगितलं. चारशे ऐंशी, हेही सांगितलं. ती खाटेजवळ गेली आणि तेलुगूत मल्लय्यांशी काहीतरी बोलली. त्यांनी डावा हात आडवा धरून हवेत मधोमध कापल्यासारखी खूण केली.

संध्याकाळी मी दादांच्या ओट्यावर सलीमचा हिशेब करत बसलो होतो. नरसम्मा जिना उतरून आली, बादली न घेता. पदराच्या गाठीतून पैसे काढून तिने दादांपुढे धरले.

"यो काय?" दादा म्हणाले.

"आधा पाइप हमारा!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. "ऊपर का आधा! उन्होंने बोला!"

"माजा माल हाय. मी कोनाला इकत न्हाय."

"तो कल से जवाब नहीं देंगे! ये भी बोला!"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून बेरीज करू लागलो. मग दादांनी नोटा घेतल्या, तळहातावर ठेवल्या, वर दुसरा हात ठेवला. हात लावून झाला होता, पण बोलले काहीच नाहीत. उठले, लुंगीतून पान्हा काढला आणि चहाची वेळ नसताना नळावर तीन ठोके मारले.

वरून लगेच दोन आले.

सलीमला एकतीस हजार दोनशे दिले आणि क्लॅम्पचे पंचवीस माझ्या खिशातून. जुन्या चढत्या नळाचे चारशे ऐंशी जमा: दोनशे चाळीस पांडुरंग तरे, तळमजला; दोनशे चाळीस मल्लय्या, दुसरा मजला. नळ जागेवरच आहे. त्याचा काही भाग माझ्या खिडकीवरूनही जातो, त्याचं काय द्यायचं, असं मी दादांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांना ऐकू आलं नाही.